डाळिंबाच्या सालीपासून चांदीचे नॅनोकण: या चुका टाळा

डाळिंबाच्या सालीत टॅनिन (तुरट चवीची वनस्पतीजन्य संयुगं) भरपूर असतं. तेच सिल्व्हर नायट्रेटमधल्या चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं आणि धातूचे नॅनोकण तयार होतात. 100 मिलिलिटर पाण्यात 17 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे 1 मिलिमोलर द्रावण, सुरुवातीला पुरेसं. इतकं सोपं असल्यामुळेच रंग तपकिरी झाला की नॅनोकण झाले, असं घाईने लिहून टाकलं जातं.

सालीचा अर्क मुळातच पिवळट असतो आणि हवेत ठेवला की आणखी गडद होतो. पीएच जास्त चढवला तर सिल्व्हर ऑक्साइडही तपकिरीच दिसतं. म्हणून दोन जास्तीच्या नळ्या लावाच: एकीत फक्त अर्क, दुसरीत त्याच पीएचचं फक्त सिल्व्हर नायट्रेट. यूव्ही-व्हिजिबलमध्ये (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो, हे मोजणाऱ्या चाचणीत) 400 ते 450 नॅनोमीटरच्या पट्ट्यातलं शिखर फक्त मिश्रणातच आलं, तर पुढे जा.

सगळ्यांत जास्त घात करतं ते क्लोराइड. नळाच्या पाण्याने धुतलेलं काचेचं सामान किंवा पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवलेला आणि पीएच मोजण्याआधी न धुतलेला इलेक्ट्रोड, एवढंही पुरतं. अर्क ओतताच द्रावण दुधाळ झालं आणि उजेडात ठेवल्यावर तो पांढुरका साका जांभळट-करडा पडला, तर ते सिल्व्हर क्लोराइड समजा. डिस्टिल्ड पाणी वापरूनही हे होतं, कारण वनस्पतीतच क्लोराइड असतं. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी; क्ष-किरणांचा स्रोत तांब्याची नळी) चांदीची शिखरं 38.1, 44.3, 64.4 आणि 77.4 अंशांवर येतात. 27.8, 32.2 आणि 46.2 वर शिखरं दिसली, तर ती सिल्व्हर क्लोराइडची; त्यांना ‘अर्कातले सेंद्रिय घटक’ म्हणून बाजूला सारू नका. माझ्या मते प्रबंधांत सर्रास होणारी ही चूक सगळ्यांत गंभीर आहे, कारण पुढचे जंतुनाशक चाचण्यांचे निष्कर्ष याच भुकटीवर उभे राहतात.

द्रावण करडं होऊन शिखर पसरट झालं, तर कण एकमेकांना चिकटलेत. सिल्व्हर नायट्रेट कमी करा, ते थेंबाथेंबाने घाला.

उसाच्या चिपाडापासून कार्बन डॉट्स (चमकणारे कार्बनचे नॅनोकण) करताना हाच सापळा वेगळ्या रूपात भेटतो. 180 ते 200 अंश सेल्सिअसवर ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) शिजवलेलं द्रावण 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळं चमकतं खरं, पण तसे चमकणारे लहान रेणूही त्याच पाण्यात असतात. (ऑटोक्लेव्ह दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका.) डायलिसिस करा, म्हणजे फक्त लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या पिशवीत द्रावण भरून ती पाण्यात ठेवा, आणि पिशवीबाहेरचं पाणीही त्याच दिव्याखाली धरा. चमक बाहेर गेली असेल, तर ती बहुधा डॉट्सची नव्हती.