डोंगरातलं घर विकायचंय? वणव्याची तयारी दिवाळीपासून करा

पुण्यातली माणसं डोंगरात घर बघायला जुलैत निघतात. मुळशी, पानशेत, ताम्हिणी. धुकं, धबधबे, गरम भजी, आणि परतताना चांदणी चौकात अडकलेल्या गाडीत ‘घेऊन टाकू या का?’ ही चर्चा. विकणाराही म्हणूनच जाहिरात पावसाळ्यात टाकतो. आम्हीही तेच केलं. वडिलांनी मुळशीत बांधलेलं घर आम्ही सलग दोन पावसाळे दाखवलं. लोकांना ते आवडायचं, पण सौदा मार्चमध्ये फिसकटायचा. विसार देण्याआधी माणूस एकदा पुन्हा येऊन बघतोच, आणि तेव्हा समोरचा डोंगर काळा ठिक्कर पडलेला असतो.

तिसऱ्या वर्षी आम्ही उलटं केलं. दिवाळीनंतर कामाला लागलो आणि घर दाखवायला काढलं ते थेट मार्चअखेर. त्यासाठी काय करावं लागतं, ते खाली लिहिलं आहे.

आधी कॅलेंडर बघा

आपल्याकडचे वणवे आपोआप लागत नाहीत, बहुतेक वेळा माणूसच लावतो. कुणी जळल्यावर गवत जोमाने येतं या समजुतीने काडी ओढतो, कुणी विडी टाकतो, कुणी पार्टीची चूल तशीच सोडून येतो. भातासाठी राब भाजताना, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळताना, वाऱ्याने आग बांधाबाहेर गेली, असंही होतं. हे सगळं घडतं मुख्यतः फेब्रुवारी ते मे या महिन्यांत. म्हणजे गवत कापायला तुमच्या हातात नोव्हेंबर-डिसेंबर आहेत. तेव्हा ते पिवळं पडायला लागलेलं असतं, पण अजून काडेपेटीसारखं झालेलं नसतं. ‘घर दाखवायच्या आठवड्यात करू’ म्हणून मार्चमध्ये ब्रश कटर लावलात, तर पातं दगडावर आपटून ठिणगी पडायची आणि वणवा तुमच्याच आवारातून सुरू व्हायचा. उशीर झालाच असेल तर सकाळी लवकर, विळ्याने कापा आणि पाण्याची बादली शेजारी ठेवा.

भिंतीपासून सुरुवात करा, कुंपणापासून नव्हे

सगळे जण आधी कुंपणाकडे धावतात. पण घर पेटतं ते बरेचदा ज्वाळांनी नाही, वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी. ज्वाळा दूर असतानाच ठिणगी छपरावर पोचते आणि तिथे तिला सुकं काही मिळालं की घर आतून धुमसायला लागतं.

आमच्या घराची राखण करणाऱ्या मामांनी शिडी लावली आणि पन्हाळीतून दोन घमेली पाचोळा काढला. नंतर मागच्या बाजूची मंगलोरी कौलं उचलली, तर खाली साळुंकीचं घरटं निघालं. काड्या, कापूस, सुतळीचा तुकडा, एका बिस्किटाच्या पुड्याचा कागद. मामा म्हणाले, ‘पावसात गळत नाही, मग वर कोण बघतंय?’ खरंच आहे. छपराकडे आपण फक्त गळतीसाठी बघतो. कडेच्या कौलांखालच्या फटी सिमेंटने बुजवा. हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांना तीन मिलिमीटरहून मोठी भोकं नसलेली लोखंडी जाळी लावा. डासांसाठीची नायलॉनची जाळी आगीजवळ वितळून जाते, तिचा उपयोग नाही.

मग घराभोवतीचा दीड मीटर. या पट्ट्यात जळणारं काहीच नको. पडवीतले बांबूचे चिक, वेताचा झोपाळा, भिंतीला टेकवलेली जळणाची मोळी, गाडीवरची हिरवी शेडनेट, कुंड्यांमधला नारळाचा काथ्या, सगळं हलवा. खाली खडी किंवा शहाबादी फरशी घाला. गंमत अशी की यामुळे घर दिसायलाही सुटसुटीत होतं. फोटो काढायला आलेल्या मुलाने आम्हाला विचारलं, ‘नवीन पेंट केलाय का?’

दहा मीटरपर्यंत गवत घोट्याइतकंच ठेवा, पाचोळा दर आठवड्याला गोळा करा, पण जाळू नका. खड्डा करून त्यात कुजवा. दहा ते तीस मीटरमध्ये मोकळं मैदान करायची गरज नाही, फक्त झुडपं सलग राहू देऊ नका. घाणेरी आणि रानमोडी मुळासकट काढा, कारण वाळल्यावर त्या जमिनीवरची आग झाडापर्यंत नेतात.

दरीकडची बाजू

आता थोडं कटू. ज्या ‘व्ह्यू’च्या जोरावर तुम्ही किंमत लावणार आहात, वणवा तिकडूनच येतो. चढावर आगीचा वेग वाढतो. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट, असा ढोबळ हिशेब आहे. दुपारी वाराही दरीतून वर वाहतो. म्हणून उताराच्या बाजूला वर सांगितलेली अंतरं दीड-दोन पट धरा.

आणि तो लाकडी डेक. दरीवर बाहेर काढलेल्या डेकखाली पोकळी असते, तिथे गवत माजतं, जुन्या फळ्या, रंगाचे डबे, मुलांची तुटकी सायकल जाऊन पडते. खालून येणाऱ्या आगीला याहून सोयीची जागा नाही. डेक पाडायला मी सांगणार नाही, लोक त्याच्यासाठीच घर घेतात. पण खालची जागा रिकामी करा, खडी पसरा आणि बाजूने बारीक लोखंडी जाळी मारा. खर्च फार नाही.

झाडं तोडण्याआधी थांबा

उत्साहाच्या भरात बरेच जण इथे अडकतात. झाड आपल्या जमिनीत असलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. साग, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, मोह, ऐन, खैर असली अनुसूचित झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि तोडायची गरजही सहसा नसते. माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंतच्या खालच्या फांद्या छाटल्या, छपरावर आलेल्या फांद्या मागे घेतल्या, की काम होतं. विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्यांना मात्र स्वतः हात लावू नका. त्यासाठी महावितरणकडे अर्ज द्या.

हद्द, जाळरेषा आणि शेजारी

वनखातं जंगलाच्या कडेने जाळरेषा काढतं, म्हणजे गवत काढून आगीला अडवणारा मोकळा पट्टा. तसाच पट्टा कुंपणाच्या आतून, निदान तीन-चार मीटरचा, तुम्हीही काढा. आधी मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, हाताशी घ्या. आपलं कुंपण आणि आपली हद्द एकच आहे हे गृहीत धरू नका. पलीकडे राखीव वन असेल तर तिथलं गवत कापणं किंवा पेटवणं तुमचं काम नाही. वनरक्षकाला भेटा आणि त्यांची जाळरेषा तुमच्या बाजूने कधी निघते ते विचारून घ्या.

शेजारच्या शेतकऱ्याशी बोलणं तर कुठल्याही पट्ट्यापेक्षा उपयोगाचं. एप्रिल-मेमध्ये त्यांचा राब भाजायचा दिवस ठरला की एक फोन करायला सांगा, त्या दिवशी तुमचा माणूस हजर ठेवा. ‘तुम्ही जाळता म्हणून आमचं घर विकलं जात नाही’ अशी सुरुवात करू नका. त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती आहे, आपण शनिवार-रविवारचे पाहुणे.

पाण्याची लाइन

चार वर्षांपूर्वीचा वणवा आमच्या घरापासून बराच लांब विझला. गावातल्या पोरांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवला. आम्ही निश्चिंत. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी नाही. विहिरीपासून टाकीपर्यंत गवतातून आणलेला काळा एचडीपीई पाइप दोनशे फूट वितळून गेला होता. घर शाबूत आणि आठ दिवस पाणी नाही! तेव्हा पाइप वीतभर तरी खोल पुरा. टाकीजवळ हाताने फिरवायचा एक व्हॉल्व्ह आणि घराच्या चारी बाजूंना पोचेल एवढा होस ठेवा. आग लागते तेव्हा वीज बहुधा गेलेली असते, त्यामुळे टाकी उंचावर हवी.

फाटकातून पाण्याचा टँकर आत येऊन वळू शकतो का, तेही एकदा बघून ठेवा. आत, दिसेल असा एक फलक लावा: वनविभागाची हेल्पलाइन १९२६, अग्निशमन १०१, पोलीस पाटलांचा नंबर.

कागद

हे थोडक्यात, कारण वकील लागणारच आहे. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात खाजगी वनाची नोंद नाही ना, ते आधी पाहा. ती असेल तर बाकीची सगळी तयारी बाजूला ठेवून पहिल्यांदा वकील गाठा. जमीन बिनशेती आहे का? नसेल तर बिगरशेतकऱ्याला ती सरळ विकता येत नाही. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हेही लक्षात ठेवा.

विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत जंगलातल्या वणव्यापासून होणारं नुकसान धरलेलं आहे. ती घरासोबत आपोआप नव्या मालकाकडे जात नाही, पण विमा मिळतो हे दाखवता येणं ही विक्रीत जमेची बाजू असते.

वणवा सांगायचा की लपवायचा? सांगायचा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२१ पासून आगीचा मोठा धोका असलेल्या भागातलं घर विकताना घराभोवतीचा पट्टा नियमाप्रमाणे साफ असल्याचा कागद द्यावा लागतो, नाहीतर खरेदीदाराने ते काम करून घ्यायचं कबूल करावं लागतं. आपल्याकडे असा खास नियम नाही. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला सहज न दिसणारा आणि तुम्हाला माहीत असलेला मोठा दोष उघड करणं तुमच्यावर आहेच. शिवाय लपवणार कुणापासून? नासाच्या ‘फर्म्स’ या संकेतस्थळावर उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या जागा तारीखवार फुकट दिसतात. खरेदीदाराचा कॉलेजातला मुलगा गाडीत बसल्या बसल्या ते बघून घेतो.

आम्ही एक साधी वही केली. कुठल्या वर्षी आग कुठपर्यंत आली, गवत कधी कापलं, मजुरी किती गेली, सोबत कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो.

दाखवायचा दिवस

सकाळी नऊला बोलवा, दुपारी एकला नको. बाराच्या उन्हात बोडका डोंगर कुणालाच आवडत नाही. माठात पाणी भरून ठेवा. घर दाखवून झालं की कुंपणाच्या कडेने एक फेरी मारा, पट्टा दाखवा.

घर घेतलेलं कुटुंब एप्रिलच्या पहिल्या रविवारी आलं होतं. सोबतच्या आजी पडवीत बसल्या, काळ्या डोंगराकडे बघितलं आणि सरळ विचारलं, ‘इथे वणवा येतो का हो?’

‘येतो. गेल्या वर्षी त्या करंजापर्यंत आला होता.’

आजींनी करंजाकडे बघितलं, मग पट्ट्याकडे, मग वही मागून घेतली. चष्मा लावून मजुरीचे आकडे वाचले आणि मुलाला म्हणाल्या, ‘वर्षाचा हा खर्च धर आधी.’ त्यावर किंमत थोडी घासली गेली, ते खरं. साठेखत मात्र मे महिन्यात झालं, आणि ब्रश कटर, शंभर फुटी होस आणि मामांची नोकरी, तिन्ही घरासोबत गेली.