डेबियन १२ वरून १३ वर जाताना या चुका टाळा

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टम. तिची १३ वी आवृत्ती, म्हणजे ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. ओळखीतल्या काही जणांच्या मशीनवर ती चढवताना मी शेजारी बसलो आहे. जिथे अपग्रेड फसलं तिथे माग काढत गेल्यावर बहुतेकदा कमांड देण्याआधीच्या अर्ध्या तासात काहीतरी राहून गेलेलं सापडलं. म्हणून इथे त्या अर्ध्या तासाबद्दलच जास्त लिहितो आहे. कमांड वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.

मधली पायरी गाळणे

डेबियन ११ वरून थेट १३ वर उडी मारता येत नाही. आधी १२, ते नीट चालतंय याची खात्री, मग १३. आणि १२ वर असलात तरी आधी त्याची सगळी अपडेट्स घेऊन टाका. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून सुरक्षितपणे शिरण्याची सोय) काम करणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये. १२ मधल्या ओपनएसएसएचच्या (एसएसएच चालवणारा प्रोग्राम) जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड सुरू केलं, तर मध्येच नवं कनेक्शन घेणं बंद होऊ शकतं. त्यावरचा उपाय १२ च्याच नंतरच्या अपडेटमध्ये आलेला आहे. शिवाय टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारे प्रोग्राम) काम करा, म्हणजे इंटरनेट तुटलं तरी अपग्रेड चालू राहतं.

मशीन ३२ बिटचं आहे का, हे न पाहणे

‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ असं विचारा. उत्तर ‘आय३८६’ (म्हणजे ३२ बिट) आलं तर तिथेच थांबा. ट्रिक्सीमध्ये या प्रकारासाठी कर्नलही (सिस्टमचा गाभा) नाही आणि इन्स्टॉलरही नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर बॅकअप घेऊन ६४ बिटची आवृत्ती नव्याने बसवा. नसेल तर १२ वरच राहा. त्याला एलटीएसचा (दीर्घकाळ सुरक्षा अपडेट्स देण्याची व्यवस्था) आधार जून २०२८ पर्यंत आहे.

‘बूट’ विभागात जागा नसणे

सर्वांत जास्त मनस्ताप याने होतो. मुख्य डिस्कवर चाळीस जीबी मोकळे दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण ‘/बूट’ (सुरू होण्याच्या फाइली जिथे असतात तो फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, असेल तर नवा कर्नल आणि त्याची इनिटआरडी फाइल (मशीन सुरू होताना कर्नलला लागणारी) तिथेच मावावी लागते. डेबियनच्या प्रकाशन-टिपणांनुसार हा विभाग किमान ७६८ एमबीचा हवा आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे हवेत. काही वर्षांपूर्वी बसवलेल्या मशीनवर तो त्याहून लहान असू शकतो. एका छोट्या कार्यालयातल्या मशीनवर मी हे पाहिलं आहे: इनिटआरडी लिहिता लिहिता जागा संपली, पॅकेजेस (डेबियनमधले सॉफ्टवेअरचे गठ्ठे) अर्धवट राहिली, आणि संध्याकाळ निस्तरण्यात गेली.

‘डीएफ -एच’ने आधी बघा. जुने कर्नल साठले असतील तर ते काढा, पण ‘यूनेम -आर’ जो दाखवेल, म्हणजे सध्या चालू आहे, त्याला हात लावू नका. पार्टिशनच लहान असेल तर आधी ते वाढवा, अपग्रेड नंतर.

बाहेरच्या रेपॉझिटरी (पॅकेजेस पुरवणारे स्रोत) तशाच ठेवणे

एखाद्या ब्राउझरसाठी, डेटाबेससाठी जोडलेले बाहेरचे स्रोत आधी बंद करा. बॅकपोर्ट्सही (जुन्या आवृत्तीसाठी दिलेली नवी पॅकेजेस) बंद करा. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ चालवून रोखून ठेवलेली पॅकेजेस पाहा. मग सोर्सेसच्या फाइलमध्ये (पॅकेजेस कुठून आणायची याची यादी) ‘बुकवर्म’च्या, म्हणजे डेबियन १२ च्या नावाच्या, जागी ‘ट्रिक्सी’ लिहा. तिथे ‘स्टेबल’ लिहू नये असं माझं ठाम मत आहे, कारण मग पुढची आवृत्ती आली की तुम्ही न ठरवताच मशीन तिकडे ओढलं जातं.

बॅकअपमध्ये होम फोल्डरबरोबर ‘/ईटीसी’ (सिस्टमच्या सेटिंग्जचा फोल्डर) आणि ‘डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स’ने मिळणारी पॅकेजेसची यादीही घ्या. मारियाडीबी (डेटाबेस) असेल तर ती आधी नीट बंद करा. क्रॅश झालेल्या डेटाबेसवर नवी आवृत्ती चढली तर डेटा उघडणं अवघड होतं.

एका दमात सगळं चढवणे

‘एपीटी अपडेट’नंतर आधी ‘एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’ आणि मग ‘एपीटी फुल-अपग्रेड’. या दोहोंच्या मध्ये रीबूट करू नका. ‘वाय’ दाबण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी सावकाश वाचा. तुमचा डेस्कटॉपच त्यात दिसला तर नकार द्या.

मध्येच कॉन्फिगरेशन फाइलबद्दल प्रश्न येतो. तो आला याचाच अर्थ ती फाइल तुम्ही किंवा एखाद्या प्रोग्रामने बदललेली आहे. ‘डी’ दाबून फरक बघा. खात्री नसेल तर ‘एन’ म्हणा. तुमची फाइल राहते आणि नवी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ शेपटी लावून शेजारी ठेवली जाते. डोव्हकॉट (ईमेल सर्व्हरचा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी मात्र त्याची २.४ आवृत्तीची टिपणं आधीच वाचावीत, कारण जुनं कॉन्फिगरेशन तिथे चालत नाही.

आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा लॅपटॉप चार्जरवर आणि डेस्कटॉप यूपीएसवर हवा. तरीही अर्ध्यात बंद पडलंच तर घाबरू नका. आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, आणि पुन्हा फुल-अपग्रेड.

रीबूटची घाई

डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर रीबूटआधी ‘सिस्टमडी-क्रिप्टसेटअप’ पॅकेज बसलंय का ते पाहा. ट्रिक्सीत ते वेगळं काढलं आहे. शिफारस केलेली पॅकेजेस न घेण्याची सेटिंग तुम्ही केली असेल तर ते आपोआप येणार नाही. नेटवर्क कार्डाचं नावही बदलू शकतं, म्हणून दूरच्या सर्व्हरला कन्सोलवरून (नेटवर्कशिवाय थेट मशीनच्या स्क्रीनवरून) शिरण्याची वाट उघडी ठेवा.

स्क्रीन काळी राहिली तर ग्रबमधल्या (मशीन सुरू होतानाचा मेनू) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. याच कारणासाठी, नव्या कर्नलवर दोन-चार दिवस काम होईपर्यंत ‘ऑटोरिमूव्ह’ (न लागणारी पॅकेजेस काढणारी कमांड) चालवू नका.

मशीन सुरू झाल्यावर दोन बदल गोंधळात टाकतात. ‘/टीएमपी’ (तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर) आता मेमरीत राहतं, त्यामुळे तिथे ठेवलेलं काहीही रीबूटनंतर उरत नाही. आणि ‘सिससीटीएल.कॉन्फ’ (कर्नलच्या सेटिंग्जची फाइल) मशीन सुरू होताना आता वाचली जात नाही. तिथल्या तुमच्या ओळी ‘/ईटीसी/सिससीटीएल.डी’ फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत हलवा.