पाइकसाठी जड ल्युअरचा रॉड, तोही बेताच्या पैशांत: खरेदीआधीची तयारी

पाइक म्हणजे गोड्या पाण्यातला धारदार दातांचा शिकारी मासा, रॉड म्हणजे मासेमारीची काठी आणि ल्युअर म्हणजे त्याला भुलवणारं खोटं आमिष. रॉड बघायला निघण्याआधी वजनकाटा काढा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. ल्युअरची पेटी उघडा आणि तुम्ही खरोखर वापरता, किंवा या हंगामात नक्की वापरणार आहात, ते ल्युअर एकेक करून तोला. खोक्यावर छापलेल्या वजनावर जाऊ नका. रबरी माशांच्या पाकिटावर बरेचदा नुसत्या रबराचं वजन असतं. त्यात जिगचं (गळाला जोडलेलं) शिसं, तिहेरी गळ आणि वायर धरली की आकडा बराच वर जातो. वीसेक सेंटीमीटरचा शॅड (रबरी मासा) सगळ्या साजासकट ८० ते १०० ग्रॅम सहज भरतो. बारा सेंटीमीटरचा बुडणारा जर्कबेट (झटके देऊन चालवायचा टणक ल्युअर) हातात लहानसा वाटतो, पण तोही ७० ग्रॅमच्या आसपास असतो. मोठा स्पून (चमच्यासारखा धातूचा ल्युअर) मात्र ३०-४० ग्रॅमवरच थांबतो. कागदावर तीन आकडे लिहा: सगळ्यात हलका, सगळ्यात जड आणि दिवसभरात सर्वांत जास्त वेळा फेकला जाणारा. रॉड या तिसऱ्या आकड्यासाठी घ्यायचा असतो.

आता ब्लँकवरचे, म्हणजे रॉडच्या मूळ काठीवरचे, आकडे वाचायला शिका. ‘४०–१०० ग्रॅम’ अशी ल्युअरच्या वजनाची जी मर्यादा छापलेली असते, तिला कास्टिंग वेट म्हणतात. काही रॉडवर ती औंसात असते. १ औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, तेव्हा २ ते ६ औंसांचा रॉड साधारण ५७ ते १७० ग्रॅमचा झाला. गंमत अशी की हे आकडे ठरवायला सगळ्यांना बांधील असं एकच माप नाही. एक कंपनी वरचा आकडा ‘याच्यापुढे जाऊ नका’ म्हणून छापते, दुसरी ‘इथवर मजेत फेका’ म्हणून. ‘हेवी’, ‘एक्स्ट्रा हेवी’ हे शब्द तर त्याहून मोघम. एका कंपनीचा हेवी रॉड दुसरीच्या मीडियम हेवीपेक्षा मऊ निघू शकतो. म्हणून शब्द सोडा, ग्रॅम बघा. तुमचा नेहमीचा ल्युअर वरच्या मर्यादेच्या साधारण दोन तृतीयांशावर बसला पाहिजे. नेहमीचा ल्युअर ७० ग्रॅमचा असेल तर १००-१२० ग्रॅमपर्यंतचा रॉड बघा. नेहमीच वरच्या टोकाला फेकत राहिलात तर जोर आवरून फेकावं लागतं, आणि एखाद्या वेळी जोर आवरायचा राहून जातो. उलट २०० ग्रॅमच्या रॉडवर ३० ग्रॅमचा स्पून लावला तर काठी वाकतच नाही. मग फेक सगळी खांद्यातून काढावी लागते आणि ल्युअर तरीही जवळच पडतो.

वजनाबरोबर पाण्यातली ओढही लक्षात घ्या. मोठ्या फिरत्या पात्यांचा बकटेल (केसाळ ल्युअर) किंवा खोल जाणारा क्रँकबेट (ओढला की बुडी मारणारा ल्युअर) काट्यावर हलका दिसतो, पण ओढताना रॉडला चांगलाच वाकवतो. असे ल्युअर पेटीत जास्त असतील तर एक पायरी वरचा रॉड घ्या.

एकच रॉड परवडणार असेल तर मोह आवरायचा तो वरच्या टोकाचा. हातभर लांबीचे, २०० ग्रॅमचे रबरी मासे बघायला भारी असतात. पण त्यांना पेलणारा रॉड, तसंच रील आणि त्यातून येणारी खांदेदुखी असा सगळा संसार पाठोपाठ येतो. पाइक त्याहून खूप लहान ल्युअरवरही येतो, मोठासुद्धा. माझं मत विचाराल तर ४० ते १०० किंवा १२० ग्रॅमचा, २.१ ते २.३ मीटर लांबीचा, टोकाकडून वाकणारा पण अगदी ताठ नसलेला रॉड पहिला घ्यावा. त्यात बसत नाहीत ते ल्युअर पेटीत ठेवा, नाहीतर विका.

लांबी ठरवताना तुम्ही कुठे उभे राहणार ते आधी पक्कं करा. जर्कबेट चालवताना टोक पाण्याकडे धरून खाली झटके द्यावे लागतात. तिथे १.८ ते २ मीटरचा आखूड रॉड सोयीचा, लांब असला की टोक पाण्यावर नाहीतर होडीच्या काठावर आपटतं. काठावरून, लव्हाळ्यांच्या पट्ट्यावरून लाइन (मासेमारीची दोरी) उचलून धरायची असेल तर २.४ ते २.७ मीटर बरा. होडीच्या कडेला पाण्यात ल्युअर इंग्रजी आठच्या आकारात फिरवणाऱ्यांनाही थोडी जास्त लांबी कामी येते. मुठीची लांबी मात्र अनेकजण बघतच नाहीत. रील धरलेल्या हातापासून मुठीचं मागचं टोक कोपरापर्यंत यावं. फार आखूड असेल तर दोन हातांनी फेकता येत नाही, फार लांब असेल तर प्रत्येक झटक्याला बरगडीत किंवा लाइफ जॅकेटमध्ये रुततं.

रील घरात आहे का? पैसे मोजकेच असतील तर निर्णय तिथूनच सुरू करा. ४००० ते ६००० आकाराचं दणकट स्पिनिंग रील (रॉडच्या खाली बसणारं) आधीच असेल तर स्पिनिंग रॉड घ्या आणि रीलचे पैसे वाचवा. जड ल्युअर फेकताना बोटावरून सुटणारी ब्रेडेड (विणलेली) लाइन कातडं कापते, तेव्हा एक बोटमोजा जवळ ठेवा. फेकेच्या मध्येच बेल (रीलवरची तारेची कमान) मिटली तर लाइन तुटते आणि ल्युअर एकटाच पुढे जातो, म्हणून बेल सैल पडलेलं रील या कामाला घेऊ नका. दोन्ही नव्यानेच घ्यायचं असेल तर माझा कल बेटकास्टर रील (रॉडच्या वर बसणारं, फेकताना चकरी फिरणारं) आणि ट्रिगरच्या (बोट अडकवायच्या आकड्याच्या) मुठीचा कास्टिंग रॉड यांच्याकडे आहे. बेटकास्टरच्या गुंत्याची भीती वाटते ती बहुधा हलक्या ल्युअरमुळे. ८० ग्रॅमचा ल्युअर लाइन एका दमात खेचून नेतो, त्यामुळे अंगठ्याचा दाब शिकायला जड ल्युअरच सोपे. मात्र एकाचं रील दुसऱ्याच्या रॉडवर लावू नका. कास्टिंग रॉडचे गाइड (लाइन ओवायच्या कड्या) लहान आणि वरच्या बाजूला असतात, स्पिनिंगचे मोठे आणि खाली.

ब्लँकच्या बाबतीत जाहिरातीला भुलायचं कारण नाही. ‘हाय मॉड्युलस कार्बन’ हलका आणि ताठ असतो हे खरं, पण पातळ भिंतीचा असल्यामुळे होडीच्या काठावर आपटला, जड ल्युअर झोका घेऊन त्यावर आदळला, तर त्याला इजा लवकर होते. स्वस्त रॉडमधला जाड भिंतीचा साधा कार्बन इथे उलट जास्त टिकतो. काचतंतूंचं मिश्रण असलेला रॉड आणखी चिवट. तो होडीमागे ल्युअर ओढायला उत्तम, दिवसभर हाताने फेकायला मात्र जड जातो.

रॉड हातात आला की घाई करू नका. आपलं रील सोबत न्या आणि बसवून बघा. रीलच्या पुढे दोन बोटांवर काठी तोलून धरा. टोक फारच खाली कलत असेल तर दिवसाअखेर मनगट बोलणार. रील सीट (रील बसवायची जागा) आवळल्यावर रील दोन्ही बाजूंना हलवा, किंचितही खेळ चालणार नाही. जोड असलेला रॉड असेल तर जोडून हलक्या हाताने हलवा, ‘टक’ असा आवाज आला तर परत ठेवा. एका डोळ्याने मुठीकडून टोकाकडे बघा, गाइड एका रेषेत आहेत का. मग प्रत्येक गाइडच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला म्हणजे आतल्या कड्याला तडा आहे, आणि तोच तडा ब्रेडेड लाइन खातो. कड्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या असल्या तरी चालतात, त्यासाठी सिलिकॉन कार्बाइडचे जास्त पैसे मोजायलाच हवेत असं नाही. टोक बोटांनी धरून काठी कमानीसारखी वाकवू नका, विकणाऱ्याने करून दाखवली तरी. ल्युअरच्या वजनाची छोटी पिशवी टोकाला बांधून वाक बघणं जास्त खरं.

जुना रॉड घेत असाल तर सोबत मोजपट्टी न्या. ब्लँकवर छापलेली लांबी आणि प्रत्यक्ष लांबी यांत चार-पाच सेंटीमीटरचा फरक निघाला तर टोक कधीतरी मोडून नवीन टिप गाइड चिकटवलेलं असण्याची दाट शक्यता. असा रॉड निकामी होतो असं नाही, पण टोकाला जरा ताठ होतो आणि त्याची किंमत कमी व्हायला हवी. ब्लँकवरून नख फिरवा. रंगावरचा ओरखडा वेगळा आणि कार्बनमध्ये उतरलेली खाच वेगळी. खाच असेल तर कितीही स्वस्त असो, नको.

पैसे कुठे वाचवायचे? कॉर्कऐवजी फोमची मूठ, साधा रंग, कापडी पिशवी नसणं, टायटॅनियमच्या गाइडशिवाय चालवणं, दोन तुकड्यांचा रॉड घेणं, यांतल्या कशानेही मासा कमी लागत नाही. आणि कुठे वाचवायचे नाहीत? लीडरवर, म्हणजे लाइन आणि ल्युअर यांच्यामधल्या मजबूत तुकड्यावर. पाइकचे दात ब्रेडेड लाइन क्षणात कापतात, मग ल्युअर तोंडात अडकलेला मासा तसाच निघून जातो. निदान ३० सेंटीमीटरचा वायर लीडर, मजबूत स्विव्हल (फिरती कडी) आणि मजबूत क्लिप हवीच. जाड फ्लुओरोकार्बनही (पारदर्शक कडक दोरा) काहीजण वापरतात, पण माझा भरवसा वायरवर. ब्रेडेड लाइन ५० ते ८० पाउंडांचा ताण सोसणारी घ्या. पाइक तेवढा जड असतो म्हणून नाही, तर जड ल्युअरच्या फेकेचा झटका आणि झाडाझुडपात अडकलेला ल्युअर सोडवणं यासाठी. तिच्यासोबत २५-३० सेंटीमीटरचा लांब चिमटा, तिहेरी गळ कापेल असा कटर, रबरी जाळीचं मोठं नेट आणि मासा ठेवायला मऊ चटई. एवढ्याला पैसे उरत नसतील तर रॉड एक पायरी खालचा घ्या. हीच अदलाबदल मी कुणालाही सुचवीन, कारण चिमट्याविना पाइकच्या तोंडात हात घालण्याची वेळ येते आणि त्यात मासा आणि बोटं दोघांचे हाल.

ज्या पाण्यावर जाणार तिथला परवाना, हंगाम, काटेविरहित गळाचा नियम आणि एका माणसाला किती रॉड चालतात, हे आधीच बघून ठेवा.

पहिल्या दिवशी हलक्या ल्युअरने, अर्ध्या जोराने सुरुवात करा आणि प्रत्येक फेकेआधी मागे बघा. डोक्यावर विजेच्या तारा असतील तर तिथे थांबूच नका, कार्बनमधून वीज वाहते. ल्युअर अडकला तर वाकलेल्या रॉडने ओढू नका. रॉड लाइनच्या रेषेत सरळ धरा, लाइन एका लाकडी दांडक्याला गुंडाळा, हाताला कधीच नाही, आणि मागे चालत जा. मासा नेटजवळ आल्यावर काठी डोक्यावर उभी करू नका, बरेचसे रॉड नेमके तिथेच मोडतात. घरी आल्यावर रॉड पुसून पूर्ण वाळवा, मगच नळीत घाला. आणि नेताना-आणताना ल्युअरचा गळ गाइडच्या कड्यात अडकवू नका. हूक कीपर (मुठीजवळची गळ अडकवायची कडी) नसेल तर रीलच्या पायाला अडकवा.