उन्हाळी कामावर जुळलेले प्रेम नेमके कसे आठवावे

परीक्षा संपल्या की कोल्हापुरातील अनेक मुलेमुली एप्रिल आणि मे महिन्यांपुरती कुठेतरी कामाला लागतात. अंबाबाईच्या दर्शनाला येणारे पर्यटक, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा आणि लग्नसराई हे सगळे एकाच हंगामात येत असल्यामुळे चप्पल लाईनमधील दुकाने, महाद्वार रोडवरील कापडाची दुकाने आणि पन्हाळ्यावरील हॉटेले यांना जास्तीची माणसे हवी असतात. दिवसभर एकाच गाळ्यात उभे राहून काम करताना शेजारच्या माणसावर जीव जडतो, जून उजाडतो, कॉलेज सुरू होते आणि ती ओळख भांडणाविना, निरोपाविना तिथेच थांबते. पुढे कितीतरी वर्षांनी ती आठवते, तेव्हा बहुतेक जण एक तर ‘पोरवय होते’ असे म्हणून ती झटकून टाकतात किंवा हातातून निसटलेले आयुष्यातील एकमेव खरे प्रेम म्हणून तिला मोठे करून ठेवतात. या दोन्ही प्रकारांत त्या व्यक्तीवर आणि त्या दिवसांवर अन्याय होतो, असे मला मनापासून वाटते. जे होते ते जेवढे होते तेवढेच आठवता येते. मात्र त्यासाठी थोडी शिस्त लागते.

सुरुवात लिहिण्याने करावी, आणि लिहिताना चेहऱ्यापासून सुरुवात करू नये. चेहरा, हसणे, शेवटची भेट या गोष्टी मनात इतक्या वेळा घोळवलेल्या असतात की त्यांत मूळचे किती उरले आहे हे सांगणे कठीण असते. कामाच्या तपशिलांना मात्र फारसा हात लागलेला नसतो. सकाळी शटर कोण उघडत असे, हिशेबाची वही कोणाकडे असे, चहा कोणत्या टपरीवरून येत असे, दुपारी गिऱ्हाईक नसताना कोण कुठे बसत असे, मालक रागावले की आधी कोणाकडे पाहत, हे सगळे आधी कागदावर उतरवावे. काम आठवले की त्या कामात गुंतलेले हातही आठवू लागतात, आणि तो माणूस त्याच्या खऱ्या जागी उभा राहिलेला दिसतो.

माझे उदाहरण देते. मी बारावीनंतरच्या सुट्टीत चप्पल लाईनमधील एका दुकानात कामाला होते. माळ्यावरून जोड काढून देण्याचे काम एका मुलाकडे होते आणि खाली उभे राहून ते झेलण्याचे काम माझ्याकडे. मी नंबर सांगायचा, त्याने सुतळीने बांधलेला जोड खाली सोडायचा आणि मी तो गिऱ्हाइकापुढे ठेवायचा. करकर वाजणारी चप्पल हवी असा गिऱ्हाइकाचा आग्रह असला, तर तो वरच तिचा तळ दोन्ही हातांनी वाकवून कानाजवळ धरायचा आणि आवाज पसंत पडला तरच जोड खाली द्यायचा. आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत होतो. एका दुपारी मी लागोपाठ नंबर सांगत असताना तो वरून म्हणाला, “आठ नंबर राहू दे, तू आधी पाणी पी.” त्या दिवसांविषयी मी जे लिहून ठेवले आहे, त्यात याहून मोठे वाक्य नाही. हे वाक्य मला भावना आठवताना सापडले नाही; जोड कसे उतरवले जात असत हे क्रमाने लिहिताना ते आपोआप वर आले.

एवढे लिहून झाले की दुसरा कागद घ्यावा. पहिल्या कागदावर प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकलेले राहील. दुसऱ्यावर आपण नंतर जोडलेले अर्थ लिहावेत: ‘त्याला काहीतरी सांगायचे असावे’, ‘तिने मुद्दामच उशीर केला असावा’. ही वाटणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण आठवण ही जशीच्या तशी काढून पुन्हा ठेवता येणारी वस्तू नाही. मेंदूचे अभ्यासक करीम नादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून असे दिसले की जागी झालेली आठवण काही काळ अस्थिर होते आणि तिला मेंदूत पुन्हा बसावे लागते. माणसाच्या बाबतीत हे कितपत घडते यावर संशोधक अजूनही वाद घालतात. परंतु वारंवार सांगितलेल्या प्रसंगात सांगणाऱ्याच्या सोयीचे शब्द शिरतात, हे आपल्या घरातील जुन्या गोष्टी ऐकणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. दुसरा कागद फाडून टाकू नये. तोही आपलाच आहे. फक्त तो त्या उन्हाळ्याचा नसून नंतरच्या वर्षांचा आहे.

यानंतर जागेवर जावे, आणि शक्यतो त्याच ऋतूत जावे. गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली पाणबुड्यांवर, म्हणजे पाण्याखाली बुडी मारणाऱ्या माणसांवर, केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाणबुड्यांना पाण्याखालीच अधिक आठवले आणि कोरड्या जमिनीवर पाठ केलेले शब्द जमिनीवर. मे महिन्यात जुळलेली ओळख डिसेंबरात रंकाळ्यावर बसून आठवण्याचा प्रयत्न केला तर हाती थोडेच लागते. उन्हे कलती असताना, वळिवाचे ढग पन्हाळ्याच्या बाजूने चढत असताना, दुकानांपुढे पाण्याचा सडा पडलेला असताना जावे. वास हा तर फार मोठा मदतनीस आहे, कारण गंधाचे ज्ञान करून देणारा मार्ग भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांच्या अगदी जवळून जातो. कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते आणि त्या चामड्याला तेलाचा वास असतो. माझ्यासाठी तो वास कोणत्याही छायाचित्रापेक्षा अधिक बोलतो. ज्यांचे काम कापडाच्या दुकानात होते त्यांना नव्या ताग्यांचा वास, आणि ज्यांचे पन्हाळ्यावरील हॉटेलात होते त्यांना चुलीवरच्या पिठल्याचा वास तेच काम करील. मात्र अशी फेरी एकदाच, फार तर वर्षाकाठी एकदा मारावी. दर आठवड्याला त्या गल्लीतून मुद्दाम जाऊ लागल्यास मूळ उन्हाळ्यावर या नव्या फेऱ्यांचे थर चढतात. दुकान बंद झाले असेल किंवा गाळ्यात मोबाइलचे दुकान आले असेल, तर समोरच्या बाजूला उभे राहून ऊन कोणत्या वेळी कुठवर येते एवढे पाहावे, तेही पुरते.

आता मापाचा प्रश्न. त्या व्यक्तीविषयी आपल्याला काय ठाऊक नव्हते, याची नोंद अवश्य करावी. तिचे घर कोणत्या पेठेत होते, भावंडे किती, तिला पुढे काय व्हायचे होते, ती कशाने चिडत असे, यांपैकी बऱ्याच ठिकाणी उत्तर कोरे राहील. कोऱ्या जागा कल्पनेने भरू नयेत. सुमारे दहा ते तीस या वयातील प्रसंग उतारवयातही इतर काळापेक्षा अधिक आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. तेव्हा त्या आठवणीच्या उजेडात पहिल्या पगाराचा, घराबाहेर स्वतःच्या नावाने ओळखले जाण्याचा आणि संध्याकाळी आपल्या पैशांनी खाल्लेल्या भेळेचाही वाटा असतो. हा वाटा ओळखल्याने त्या माणसाचे मोल कमी होत नाही. उलट त्याच्यावर टाकलेले जादा ओझे उतरते आणि त्याने खरोखर केलेली छोटी गोष्ट स्पष्ट दिसते.

समोरच्या व्यक्तीचा विचार याहूनही काळजीपूर्वक करावा. समाजमाध्यमांवर तिचा शोध घेऊ नये, डीपी पाहत बसू नये, आणि जुना ग्रुप फोटो नावासह कुठेही टाकू नये. त्या व्यक्तीचा आज संसार असेल, सासरची माणसे असतील, आणि कोल्हापुरात बातमी एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जायला वेळ लागत नाही. शिवाय आजचा चेहरा एकदा पाहिला की जुना चेहरा मनात पूर्वीसारखा उमटत नाही, म्हणजे जे जपायचे तेच हरवते. लिहिलेल्या कागदांतही पूर्ण नाव घालू नये. आद्याक्षर पुरेसे आहे. जोडीदाराला सांगावे का, हे ज्याने त्याने ठरवावे. सांगायचेच असेल तर पहिल्या कागदावरचे सांगावे, कारण त्यात लपवण्यासारखे काही नसते.

तरीही नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत किंवा दसरा चौकात अचानक गाठ पडू शकते. तिच्यासोबत घरची माणसे असतील आणि तिने स्वतः ओळख दाखवली नाही, तर आपणही थांबू नये. तिने ओळख दाखवली तर ‘आम्ही सुट्टीत एकाच दुकानात कामाला होतो’ असे सर्वांसमोर म्हणावे. हे पूर्ण खरे आहे आणि कोणालाही अडचणीत टाकत नाही. बोलणे मालक, दुकान आणि कामावरची इतर मंडळी यांच्याभोवती ठेवावे. आपल्याला लख्ख आठवणारा प्रसंग तिला आठवत नसेल, तर तो आठवून देण्याचा आग्रह धरू नये. घरी आल्यावर या भेटीविषयी वेगळ्या कागदावर, त्या दिवसाची तारीख घालून लिहावे आणि तो कागद आधीच्या दोन कागदांत मिसळू देऊ नये.