पाहुण्यांना सोलापूर दाखवताय? ठरवताना होणाऱ्या या चुका टाळा

पाहुणे येणार म्हटलं की सोलापूरच्या घरात आधी जेवणाचा बेत ठरतो. शेंगा चटणी कुटून होते, कडक भाकरीची चवड रचली जाते. कुठं जायचं, कधी निघायचं, कुणाला काय झेपतं हे मात्र "आल्यावर बघू की" म्हणून राहून जातं. माझ्या मते सहल बिघडते ती इथंच. गाडी, ऊन, गर्दी यांचा दोष नंतरचा. जे आधी विचारायला हवं होतं ते संकोचानं विचारलेलं नसतं, आणि मग दोन्ही बाजू मनातल्या मनात कुढत राहतात.

"एका दिवसात तिन्ही देव करून येऊ"

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. अक्कलकोट आग्नेयेला साधारण ४० किलोमीटर, तुळजापूर ईशान्येला साधारण ४५ आणि पंढरपूर पश्चिमेला ७०च्या पुढं. तिन्हींच्या दिशा वेगळ्या, त्यामुळे दर वेळी शहराकडं परत यावं लागतं. त्यात आपण वार बघून निघतो: स्वामींचा गुरुवार, देवीचा मंगळवार-शुक्रवार, विठ्ठलाची एकादशी. तोच वार गावोगावच्या हजारोंनी धरलेला असतो.

म्हणून "कुठं कुठं जायचं?" असं विचारू नका. "एकच ठिकाण करायचं झालं तर कुठलं?" असं विचारा. उत्तर लगेच येतं आणि खरं येतं. ते ठिकाण सकाळी ठेवा, वेळ उरला तर दुसरं.

वडीलधाऱ्यांच्या वतीनं मुलांनी उत्तर देऊ नये. "आईला चालतंय सगळं," असं मुलगा म्हणतो, आणि आई दर्शनाच्या रांगेत गुडघा धरून उभी असते. तिलाच विचारा: "काकू, तासभर उभं राहवेल का? मध्ये बसायची सोय बघू?" वाटेत बाथरूमसाठी कुठं थांबायचं, हे घरातल्या एखाद्या बाईनं पाहुण्या बायकांना बाजूला घेऊन आधीच विचारावं. पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत, दिवसभर पाणी प्यायचंच टाळतात. उन्हाळ्यात पारा ४०च्या वर असताना हे अंगाशी येतं.

तुळजापूरचं आणखी एक. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी देवीची मंचकी निद्रा असते, म्हणजे मूर्ती पलंगावर निजवलेली असते. त्या काळात अभिषेक होत नाहीत. "या, अभिषेक करून देतो," असा शब्द देण्याआधी घरच्या पुजाऱ्यांना फोन करा. कोजागरीला तर सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो, वाटेवर लोक चहा-फराळ घेऊन उभे असतात. त्या रात्री गाडीनं जाण्याचा हट्ट धरू नका. पाहुण्याला हे बघायचं असेल तर थोडं अंतर त्यांच्याबरोबर चाला.

"गड्ड्याला या" एवढंच सांगणं

गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. आपल्याला गड्डा म्हटलं की सगळं कळतं. बाहेरच्याला कळतो तो पाळण्यांचा आणि भजी-जिलेबीचा बाजार. तो लेकरांना घेऊन नेमका अक्षता सोहळ्याच्या दिवशी दुपारी येतो, रस्ते बंद, रिक्षा नाही, पाळण्यापर्यंत पोचता येत नाही. चिडलेल्या पाहुण्याला सोहळा काय दिसणार?

आमंत्रण देताना पूर्ण सांगा. सिद्धेश्वरांची यात्रा जानेवारीत संक्रांतीच्या आसपास असते. पहिल्या दिवशी सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात आणि सिद्धरामांनी, म्हणजे सिद्धेश्वरांनीच, स्थापन केलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. मग होम मैदानावर होम, त्यानंतर शोभेचं दारूकाम. पाळणे आणि दुकानं पुढंही बरेच दिवस असतात. म्हणजे प्रश्न असा: "तुम्हाला अक्षता सोहळा बघायचाय, की लेकरांना गड्डा फिरवायचाय?" दोन्ही हवं असेल तर दोन वेगळे दिवस सांगा.

अक्षता म्हणजे कुणाचं लग्न, हेही आधी सांगून ठेवा. सिद्धरामांशी विवाह व्हावा अशी कुंभारकन्येची इच्छा होती. ते योगी, म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचा विवाह लागला. तो सोहळा दरवर्षी होतो. बाराव्या शतकातल्या या योग्यानं तळं खोदवलं आणि कन्नडमध्ये वचनं रचली. बाराबंदी हा पारंपरिक अंगरखा घालून नंदीध्वजाची काठी पेलणाऱ्या माणसांनी त्यासाठी कितीतरी आधीपासून सराव केलेला असतो. हे माहीत असलेला पाहुणा काठीच्या वाटेत सेल्फी काढायला उभा राहत नाही. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा जयघोष कानावर पडला की तोही हात जोडतो. माहीत नसलेल्याला ऐनवेळी "सरका, सरका" म्हणून ओढावं लागतं आणि त्याला अपमान वाटतो.

जे दिसणार नाही त्याचा शब्द देणं

नळदुर्गचा नर-मादी धबधबा बोरी नदीला भरपूर पाणी असतानाच किल्ल्याच्या बांधातल्या पाणी महालावरून कोसळतो. मे महिन्यात नेलंत तर किल्ला आणि बांध बघायला मिळेल, तो तसाही बघण्यासारखा आहे, पण तसंच सांगून न्या. नान्नजच्या अभयारण्यात "माळढोक दाखवतो" म्हणू नका. तो पक्षी आता क्वचितच कुणाला दिसतो, काळवीट मात्र दिसू शकतात. इतिहासाची आवड असणाऱ्याला हत्तरसंग कुडलला न्या. भीमा आणि सीनेचा संगम, ३५९ मुखांचं शिवलिंग आणि शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख तिथं आहे. आवड नसलेल्याला तिथं "नुसते दगड" दिसतील, म्हणून त्याच्यावर लादू नका.

हुरड्याला "बघू, जमलं तर येतो"

ही चूक पाहुण्यांची. हुरड्याची कणसं दुधात असतात ती थोडेच दिवस. शेतकरी माणसं मोजून सकाळी कणसं काढतो, कणसं भाजायची आगटी पेटवतो, वांगी भाजायला घालतो. पाचजण येणार म्हणून सांगून बाराजण गेलात, किंवा उलटं झालं, तरी त्याची पंचाईत. "आम्ही सात मोठे, तीन लहान, दहापर्यंत पोचतो," असं आदल्या दिवशी सांगा. पैसे घेऊन हुरडा पार्टी देणाऱ्याला दर मोकळेपणानं विचारा, त्यात काय काय मिळणार तेही. घरच्या शेतावर बोलावलं असेल तर पैशाचा विषय काढायचा नाही. लेकरांच्या हातात खाऊ घेऊन जावं.

वेळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेतात पूजा करून जेवायच्या सणाला, बोलावणं आलं तर शक्यतो नाही म्हणू नका. त्या दिवशी आंबील आणि भज्जी (भाज्यांची मिसळ) खायला माणूस आला नाही तर घरच्यांना खरंच वाईट वाटतं.

आडनावावरून सुरू होणारी चौकशी

"आडनाव काय? म्हणजे कुणाच्यातले?" या प्रश्नावर मला स्पष्ट बोलायचंय. विचारणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी समोरच्याला आपली जात चाचपली जातेय हे कळतं, आणि पुढची सगळी गप्प थंड होते. ओळख काढायची तर "गाव कुठलं? इथं कुणाकडं असता?" एवढं पुरतं. शहराच्या पूर्व भागात मागावर कापड विणणाऱ्यांच्या घरी गेलात तर टॉवेल, चादर, सूत याविषयी विचारा, माणसं भरभरून बोलतात.

त्या घरात तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड, पलीकडच्या गल्लीत दखनी. पाहुण्यासमोर घरच्या भाषेत हळू आवाजात बोललं की त्याला वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. एक वाक्य मराठीत सांगून टाका: "चहाला साखर किती, तेवढंच विचारत होतो." आणि पाहुण्यानं "घरातसुद्धा मराठी नाही?" असं विचारू नये. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच गावची आहेत.

जेवायला बसण्याआधी उपास आहे का, मांसाहार चालतो का हे यजमानानं विचारावं. यजमानाचं घर शाकाहारी असेल तर पाहुण्यानं "मटण कुठं चांगलं मिळतं?" हा प्रश्न त्यांच्या ताटावर बसून काढू नये.

आणि तरीही बिनसलं तर

कुणी रुसलं, तर त्याच संध्याकाळी फोन करा. व्हॉट्सॲपच्या घरच्या ग्रुपवर खुलासा टाकू नका, तिथं बाकीचे बाजू घ्यायला लागतात. फोनवर कारणांची यादी न लावता, "मामा, तुम्हाला रांगेत फार वेळ उभं राहावं लागलं, आम्ही आधी विचारायला हवं होतं," एवढं म्हणा. मामा बहुतेक "जाऊ दे रे" म्हणतील. तेवढ्यावर थांबू नका, पुढच्या वेळचं ठिकाण त्यांनाच ठरवायला सांगा.