परभणीत बसून समुद्रकाठच्या रेल्वेचं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

मी दोन वर्षांपासून धनुष्कोडीच्या (तमिळनाडूत, रामेश्वरमच्या पुढचं टोक) रेल्वे ब्रँच लाइनचं छोटं मॉडेल बनवायलो, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, आठ फूट बाय दोन फुटाच्या बोर्डावर. मीटरगेजचं (एक मीटर रुंदीच्या रुळांच्या रेल्वेचं) वेड लहानपणी पूर्णा जंक्शनला लागलं आणि समुद्राचं रामेश्वरमला जाणारा पांबनचा रेल्वे पूल बघितल्यावर. पण बोर्डावर समुद्र असला तरी बोर्ड राहतो परभणीतच, हे मला उशिरा कळलं आणि निम्म्या चुका त्यातूनच झाल्या.

पहिली चूक रुळांची. डिसेंबरातल्या सकाळी, चांगलाच गारठा असताना मी सगळे जोड घट्ट भिडवले, वरून प्रत्येक जोडाला सोल्डर मारलं, दिसायला एकदम भारी दिसत होतं. मे महिन्यात दुपारी बघतो तर पुलाच्या अलीकडं रूळ बोर्ड सोडून वर उचललेला. हिशोब साधाय, आठ फूट निकेल सिल्व्हरचा (मॉडेलच्या रुळाचा मिश्रधातू) रूळ ३० अंशाच्या फरकाला सव्वा मिलिमीटर वाढतो आणि त्याला जायला जागाच नव्हती. थंडीत रूळ टाकत असाल तर जोडात व्हिजिटिंग कार्डं अडकवून फट ठेवा (माझ्या बोर्डाला दोन जोडांत दोन-दोन कार्डं पुरली), सोल्डर मारू नका, आणि करंटसाठी प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर द्या. प्लायवूडचं उलटं आहे, ते पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आखडतं, म्हणून दोन्ही बाजू आणि खास करून कडा ऑइल पेंटनं बंद करा. कडा सगळेच विसरतात.

गाडी रुळावरून उतरायली तर लगेच चाकाला दोष देऊ नका. एकच डबा सगळीकडं उतरत असेल तर त्या डब्याच्या चाकांमधलं अंतर चुकलंय, सगळे डबे एकाच जागी उतरत असतील तर रूळ चुकलाय, डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवा, जोड बोटाला लागतो. आणि इंजिन मधेच थांबून हात लावला की चालत असेल तर नव्वद टक्के धूळ! आपल्याकडं मार्चपासून वारं सुटलं की खिडकी बंद असली तरी रुळावर थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, बस. पॉलिश पेपर अजिबात नको, त्यानं बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्यात जाऊन बसते.

आता वाळू, माझी सगळ्यात मोठी चूक. मी नदीची वाळू चाळून टाकली, खरी वाळू म्हटल्यावर खरंच दिसणार ना. नाही दिसत. १:८७ स्केलला (म्हणजे सगळं खऱ्याच्या ८७ पट लहान) अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे चार सेंटिमीटरचा दगड, म्हणजे माझ्या किनाऱ्यावर सगळीकडं लिंबं पसरल्यासारखी दिसायली. वरून आपल्या नद्यांच्या वाळूत लोखंडाचे काळे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकानं ओढून घेतले आणि गिअर अडकला. आता मी टाइल्सच्या फटीत भरायची पावडर वापरतो, फिक्या रंगाची, चाळणीनं भुरभुरवून. तरी वाळूच वापरायची असेल तर आधी कागदाखालून चुंबक फिरवा, किती काळं निघतं बघा. रुळाखालची खडी पण आपल्या क्रशरची काळीकुट्ट टाकू नका, आणि झाडं ताडाची, सुरूची लावा. हाताला सवय असते म्हणून मी आधी कडुनिंब करून ठेवले होते, काढावे लागले.

पाणी रेझिनचं करत असाल तर एकदम ओतू नका. जाड थर स्वतःच तापतो, आणि खोलीच ४० ला असली की भांड्यातच घट्ट व्हायला लागतो, नंतर चिरा. पहाटे ओता, तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, वर लगेच खोकं पालथं घाला, नाहीतर चिलटं चिकटतात आणि ती निघत नाहीत. पॉलिएस्टर रेझिन आणि स्प्रे पेंट थर्माकोल खातात, तिथं इपॉक्सी आणि फेव्हिकॉलच. रंग सगळीकडं निळा मारू नका, तिथला समुद्र काठाला उथळ आहे, आधी वाळूचा रंग, मग हिरवट, मग निळा.

पूल आख्खा करायचा हट्ट सोडा. १९१४ चा पांबनचा जुना पूल दोन किलोमीटरहून लांब, म्हणजे ह्या स्केलला २३ मीटर. पाच-सहा गाळे करा आणि पूल बोर्डाच्या कडेतून बाहेर गेल्यासारखा दाखवा.

आणि सुरुवातीलाच साल ठरवा. धनुष्कोडीचं स्टेशन, तिथली लाइन, सगळं डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात गेलं, पॅसेंजर गाडी माणसांसकट गेली. म्हणून धनुष्कोडी करायचं तर त्याच्या आधीचं, वाफेच्या इंजिनाचं. पुतण्या म्हणतो काका डिझेल ठेवा की, त्याला मी सांगितलंय की मग आपण रामेश्वरम करू, तिथं ब्रॉडगेज (आताचे रुंद रूळ) २००७ ला झालं, तोवरची मीटरगेजची डिझेल तिथं शोभतात. माझा बोर्ड नोव्हेंबर १९६४ चा आहे, त्यावर सगळं अजून जागेवर आहे.