पक्ष सोडायचा आहे? आधी वही उघडा

हे टिपण कोकणातल्या तालुका, विभाग आणि शाखा पातळीवरच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे. पंधरा-वीस वर्षं झेंडा धरला आणि आता मन उठलंय, अशांसाठी. आमदार-खासदारांना वकील असतात. गावातल्या माणसाला राजीनाम्याचा मजकूर मोबाईलवर कोणीतरी पाठवलेला असतो, आणि तिथूनच घोळ सुरू होतात.

पहिलं काम राजीनाम्याचं नाहीच. वहीचं एक पान घ्या आणि पक्ष का सोडतोय याची कारणं एकाखाली एक लिहा. मग विचारा: उद्या सकाळी तालुक्याचं पद किंवा जिल्हा परिषदेचं तिकीट हातात पडलं, तर यातली किती कारणं उरतील? एकही उरत नसेल तर तो भ्रमनिरास नव्हे, नाराजी आहे. तिच्यासाठी जिल्हाध्यक्षांना भेटा आणि स्पष्ट बोला, पक्ष सोडू नका. कारणं उरत असतील तर मात्र थांबू नका. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आणि नाणार, बारसूची रिफायनरी यांवर विरोधात असताना एक आणि सत्तेत गेल्यावर दुसरी भाषा इथल्या कार्यकर्त्यांनी कानांनी ऐकली आहे. ग्रामसभेत हात वर करायला लावलेल्या माणसांना रोज तोंड दाखवायचं असतं ते कार्यकर्त्याला, नेत्याला नाही. हे ओझं खरं आहे आणि ते पद मिळाल्याने उतरत नाही.

आता तुम्ही नेमके कोण आहात ते बघा, कारण कायदा सगळ्यांना सारखा लागत नाही. फक्त संघटनेतलं पद असेल, म्हणजे शाखाप्रमुख, विभागप्रमुख, बूथप्रमुख, तर तुम्ही मोकळे आहात. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे पक्ष सोडला म्हणून सरपंचपद किंवा सदस्यत्व जात नाही. कोणी तशी भीती घातली तर घाबरू नका. विकास सोसायटी किंवा मच्छीमार सोसायटीचं संचालकपदही सभासदांनी दिलेलं असतं, ते पक्षाबरोबर जात नाही.

जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपरिषद किंवा नगरपंचायतीत पक्षाच्या चिन्हावर निवडून आला असाल तर गोष्ट वेगळी. तिथे १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा लागतो. स्वेच्छेने पक्ष सोडला, किंवा व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाबद्दलचा आदेश, मोडून मतदान केलं आणि पक्षाने ते पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतं. हा कायदा आघाडीलाही लागतो. शहर विकास आघाडीच्या नावाने निवडून आलेले बरेच जण हे विसरतात. राजीनामा लिहून दिला नाही म्हणजे पक्ष सोडला नाही, असंही समजू नका. गोव्यातल्या रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलंय की वागणुकीवरूनही पक्ष सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावर हार घातलेला फोटो त्यासाठी पुरावा होऊ शकतो.

अशा सदस्याने काय करावं? आमचं मत सरळ आहे: सदस्यत्वाचाही राजीनामा द्या. मतं चिन्हावर मिळाली होती. २००५ मध्ये नारायण राणे शिवसेनेतून बाहेर पडले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि मालवणची पोटनिवडणूक काँग्रेसच्या चिन्हावर जिंकली. त्यांच्या राजकारणाबद्दल काहीही मत असो, मतदाराकडे परत जाण्याचा तो रस्ता कायद्याला धरून होता.

राजीनाम्याआधी महिनाभर तरी थकबाकीचा हिशेब काढा. सर्वाधिक माणसं इथेच अडकतात. मंडपवाला, साउंडवाला, बॅनर छापणारा, जीपवाला, सभेला वडापाव-चहा देणारा हॉटेलवाला, या सगळ्यांनी उधारी पक्षाला दिलेली नसते, ती तुमच्या तोंडाकडे बघून दिलेली असते. वहीत पाच रकाने करा: तारीख, काम, कोणाच्या सांगण्यावरून, रक्कम, पैसे देण्याचा शब्द कोणी दिला. ‘दादा, बॅनर लावून टाका, नंतर बघू’ असे मेसेज फोनमध्ये असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ही यादी तुम्ही पदावर असतानाच वरिष्ठांना द्या आणि पोच घ्या. राजीनाम्यानंतर दिलेली यादी कोणी वाचत नाही, आणि मंडपवाला तुमच्याच पडवीत येऊन बसतो.

देणगी पावतीपुस्तकांचं तसंच. प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, वापरलेल्या पावत्या, कोऱ्या पावत्या आणि रद्द केलेल्या पावत्या मोजा. रद्द पावती फाडून टाकू नका, मूळ प्रत स्थळप्रतीला टाचून ठेवा. दोन हजार रुपयांच्या वरची देणगी रोखीत घेतलेली दिसत असेल तर तसं लेखी कळवा. आयकर कायद्याने पक्षाला तेवढी रोख चालत नाही आणि पावतीवर सही तुमची आहे.

मग तुमच्या नावावर काय काय आहे ते शोधा. पक्ष कार्यालयाचा गाळा, त्याचा भाडेकरार, महावितरणचा मीटर, वायफाय, सिमकार्ड, रुग्णवाहिकेची कागदपत्रं. मीटर नावावर राहिला तर थकलेलं बिलही नावावरच राहतं. व्हॉट्सॲप गटांमध्ये आधी दुसऱ्या कोणाला ॲडमिन करा, मगच बाहेर पडा. एकटा ॲडमिन निघून गेला तर ॲप आपणहून भलत्यालाच ॲडमिन करतं. मतदारयाद्या, विशेषतः ज्यांवर चाकरमान्यांचे मुंबईतले नंबर पेनाने लिहिलेले असतात, त्या परत करा आणि स्वतःकडे प्रत ठेवू नका. ते नंबर लोकांनी गणपतीच्या गाडीसाठी दिले होते. तुमच्या पुढच्या पक्षासाठी ते दिलेले नाहीत.

आंदोलनातले गुन्हे हा सर्वात दुर्लक्षित भाग. रास्ता रोको, जमावबंदी मोडणं, सरकारी कामात अडथळा असे खटले तुमच्या नावावर असतील आणि वकील पक्षाने दिलेला असेल, तर राजीनाम्यानंतर तो तारखेला येईलच असं नाही. ई-कोर्ट्सवर स्वतःचं नाव टाकून शोधा, खटल्याचा क्रमांक आणि पुढची तारीख लिहून घ्या. जुन्या वकिलाकडून ना-हरकत घ्या आणि नव्या वकिलाचं वकीलपत्र दाखल करा. सलग गैरहजर राहिलात तर अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं, आणि पोलीस ऐन गणपतीत दारात उभे राहतात. राजकीय आंदोलनातले खटले सरकार कोर्टाच्या परवानगीने मागे घेऊ शकतं. त्या यादीत सहआरोपींची नावं असतील आणि तुमचं नसेल, तर लगेच लेखी अर्ज करा.

वेळ कोणती? भातलावणीचे दिवस. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, सभा-मेळावे नसतात, लोक शेतात असतात. बातमी पसरते पण पेटत नाही. गणपतीत आणि शिमग्यात राजीनामा देऊ नका. सगळे चाकरमानी गावात असतात, आणि पालखीच्या मानाचा जुना वाद तुमच्या राजीनाम्याला येऊन चिकटतो. आचारसंहिता लागल्यावर दिला तर तिकिटासाठी दिला असंच लोक म्हणतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

पत्र चार ओळींचं असावं:

‘मी दि. … पासून …… या पदाचा व पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे. माझ्याकडील पावतीपुस्तके, शिक्के, लेटरहेड व चाव्या सोबतच्या यादीप्रमाणे परत करत आहे. प्रलंबित देण्यांची यादी दि. … रोजी सादर केली आहे, तिची पोच जोडली आहे. यापुढे माझे नाव व छायाचित्र पक्षाच्या फलकांवर वापरू नये.’

‘पद’ आणि ‘प्राथमिक सदस्यत्व’ हे दोन्ही शब्द हवेतच. नुसत्या पदाचा राजीनामा दिला तर तुम्ही पक्षातच राहता. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहू नका, ते खरं नाही. सविस्तर कारणांना पत्रात जागा नाही. ती वहीतल्या पानावर आहेत, विचारेल त्याला तोंडी सांगा. पत्र तालुकाध्यक्षांना हातात द्या आणि प्रतीवर सही-शिक्का घ्या. सही नाकारली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने जिल्हा आणि प्रदेश कार्यालयाला पाठवा. सरकारी समितीवर पक्षाच्या शिफारशीने नेमणूक झालेली असेल, उदाहरणार्थ संजय गांधी निराधार योजनेच्या तालुका समितीवर, तर तिथला राजीनामा तहसीलदारांकडे वेगळा द्यावा लागतो.

पत्र देण्याच्या आदल्या संध्याकाळी तीन घरी स्वतः जा: ज्याने तुम्हाला पक्षात आणलं त्याच्याकडे, तुमच्या शब्दावर पक्षात आलेल्या पोरांकडे, आणि वाडीतल्या मानकऱ्याकडे. फोन पुरत नाही. पोरांना ‘माझ्याबरोबर या’ म्हणू नका. त्यांच्या नोकऱ्या, ठेके, आजारी माणसांच्या शिफारशी तिथे अडकलेल्या असतात. कोण कुठे राहतो हे त्यांना ठरवू द्या.

आणि वाळीत टाकण्याची भाषा निघाली तर गप्प बसू नका. पालखी दारात न थांबवणं, मर्तिकाला न येण्याचा ठराव, पाणवठा बंद करणं, हे सगळं २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रायगड जिल्ह्यातल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांनीच या कायद्याची गरज पुढे आणली. बैठकीत कोण काय म्हणालं ते तारखेसह लिहून ठेवा आणि आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पण त्याच्याही आधी मानकऱ्याला एकदा भेटा. निम्मी प्रकरणं माजघरातल्या चहावर मिटतात, आणि कोर्टात गेलेलं प्रकरण दोन पिढ्या मिटत नाही.

दुसऱ्या पक्षाचं बोलावणं आठवड्याभरात येईल. किमान सहा महिने नाही म्हणा. तेवढ्यात उधारीची यादी निकाली लागते, कोर्टाच्या दोन-तीन तारखा होतात, आणि वहीतलं ते पहिलं पान पुन्हा वाचून बघता येतं.